आवटीसरांचा उजवा पाय

शशिकांत आवटी दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे झाले होते. तोंडात दोन नळ्या, एक आरसा आणि डॉक्टर मगदूमबाईंची दोन बोटं होती. नेमका त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन गोड आवाजात बोलला, "श्री. शशिकांत आवटी, आपण आत्ता अंकली पुलाच्या पुढे ताशी एकशे अठरा किलोमीटर वेगाने गाडी चालवत आहात. या रस्त्यावर वेगमर्यादा ऐंशी आहे. आपल्यावर चलान काढण्यात आलं आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

मगदूमबाईंनी ड्रिल थांबवलं. खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची जागेवरच होती.

"सर, एकशे अठरा?" त्या आदराने म्हणाल्या.

आवटींना बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडात एवढा ऐवज असताना नुसतं गुरगुरणंच बाहेर पडलं.

मिरजेत दुसऱ्या कुणाला असं चलान आलं असतं, तर त्याने दोन शिव्या हासडून दंड भरला असता आणि संध्याकाळी विसरूनही गेला असता. आवटींचं तसं नव्हतं. ते 'आवटी मोटार ट्रेनिंग स्कूल'चे आवटीसर होते. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांनी शिकवलेल्या पायांखाली होत्या आणि उरलेल्या निम्म्या दुसऱ्या स्कूलच्या नदाफांनी शिकवलेल्या. आयुष्यात ते साठच्या वर गेले नव्हते. सासरे अत्यवस्थ आहेत असा फोन आला, त्या दिवशीही ते पंचावन्ननेच गेले आणि, ते स्वतःच सांगत, सासरे त्यांच्यासाठी थांबले होते.

शिवाय नव्या कायद्यात शिकवणाऱ्यांसाठी वेगळं कलम होतं. साध्या माणसाने वेगमर्यादा मोडली तर दंड. शिक्षकाने मोडली तर शिकवण्याचा परवाना रद्द, तोही कायमचा. महिनाभरात चलान लढवून रद्द करून घ्या, नाहीतर शाळेचं शटर ओढा.

आणि हे चलान लढवणं सोपं नव्हतं. कारण ते गाडीला आलेलं नव्हतं, पायाला आलेलं होतं. ते कसं, हे थोडं सांगायला हवं.

हमरस्त्यांच्या कडेने फोन आणि इंटरनेटसाठी काचेच्या तारा पुरलेल्या असतात, केसाएवढ्या बारीक. त्यातल्या बऱ्याचशा वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहतात. कुणा रिकामटेकड्या शास्त्रज्ञाला या रिकाम्या तारांची कीव आली. त्याने तारेच्या एका टोकातून लेझरचे झोत सोडून पाहिले. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अतिसूक्ष्म खडबडीतपणा उरतोच, आणि त्यावर आपटून थोडा थोडा प्रकाश सतत मागे फिरत असतो. वरून गाडी गेली की जमीन हादरते, जमिनीबरोबर काच किंचित ताणली जाते आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून गाडीची जागा कळते, लय किती बिघडली यावरून हादरा कळतो. कॅमेरा नको, खांब नको. अख्ख्या रस्त्यालाच कान फुटले.

पण कान मिळाल्यावर नुसतं ऐकून गप्प कोण बसतं? रस्ता माणसं ओळखायला लागला. जिन्यावर चपला वाजल्या की घरातल्यांना न बघता कळतं, हा धाकटा आला आणि हे भाडं मागायला मालक. गाडी चालवणाऱ्याचंही तसंच असतं. कुणी खड्डा दिसताच पाय काढतो, कुणी खड्ड्यात गेल्यावर काढतो. कुणाचा ब्रेक सायीसारखा बसतो, कुणी दोनदा दाबून खात्री करून घेतो. गाडी बदला, टायर बदला, चपला काढून अनवाणी चालवा, हा ताल काही बदलत नाही. सरकारने प्रत्येक परवानाधारकाला ठरावीक पट्ट्यावर गाडी चालवायला लावून त्याचा ताल नोंदवून घेतला. या यंत्रणेचं सरकारी नाव 'पदश्रुती'. मिरजेत तिला पायाळू म्हणत.

तर या पायाळूचं म्हणणं असं पडलं की आवटींचा पाय त्या दुपारी अंकलीच्या पुढे होता. आवटींचं म्हणणं, तो दवाखान्यात त्यांच्याच मांडीला जोडलेला होता.

सांगलीच्या वाहतूक न्यायालयात न्यायाधीश ढोबळेबाई नव्याने लातूरहून बदलून आल्या होत्या. पदश्रुती शाखेतर्फे उपनिरीक्षक शेडबाळे उभे होते. तरुण, हसतमुख आणि यंत्रावर सख्ख्या भावासारखा विश्वास ठेवणारे.

"साक्षीदार?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर मगदूम," आवटी म्हणाले. "त्या वेळी त्यांची बोटं माझ्या तोंडात होती."

"मॅडम, डॉक्टर मगदूम सरांच्या विद्यार्थिनी आहेत," शेडबाळे म्हणाले.

"त्यांच्या कंपाउंडरनेही बघितलंय."

"तोही विद्यार्थी."

"बाहेर पुढचा पेशंट बसला होता की."

"त्याची गेल्या महिन्यातच टेस्ट झाली. सरांच्याच गाडीवर."

ढोबळेबाईंनी चष्मा वर केला. "आवटी, मिरजेत तुम्ही न शिकवलेलं कुणी आहे का?"

"आहेत ना. नदाफांकडे शिकलेले. पण त्यांची साक्ष तुम्हाला चालेल असं वाटत नाही मला. त्यांना आरशात बघायचं असतं हेच माहीत नसतं."

लघुलेखक खाकरला. तो नदाफांकडे शिकला होता.

शेडबाळेंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. निळी, आवटींच्या नोंदवलेल्या पायाची. लाल, गुन्ह्याच्या वेळची. दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून चालल्या होत्या.

"माणूस खोटं बोलतो, मॅडम. फोन घरी विसरतो. भाऊ भावासारखा दिसतो. पायाचं तसं नाही. आजवर एकसारखे दोन पाय सापडलेले नाहीत."

आवटी पडद्याजवळ गेले. लाल रेघ त्यांनी खालून वर, वरून खाली नीट पाहिली. पुलाचा सांधा यायच्या आधी पाय अलगद सुटला होता आणि सांधा ओलांडल्यावर तितक्याच अलगद परत बसला होता. एकशे अठराला!

"सुरेख," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"ज्याने कुणी चालवली त्याने सुरेख चालवली. वेग सोडा हो, पाय बघा पाय!"

"हा कबुलीजबाब समजायचा का?" ढोबळेबाईंनी विचारलं.

"छे. कौतुक आहे."

बाईंनी हसू गिळलं आणि निकाल सांगितला. दुसरा तसाच पाय असेल तर तो पुढच्या तारखेला हजर करा. नसेल तर चलान कायम आणि शिकवण्याचा परवाना जमा.

आवटी परतले ते मनातून खूशच होते. दुसरा पाय म्हणजे कुणातरी विद्यार्थ्याचाच असणार! उभी हयात 'माझ्यासारखं चालवा' असं कानीकपाळी ओरडण्यात गेली, कुणीतरी ऐकलंच असणार. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले. पाय तपासायचा सरकारी पट्टा मात्र नदाफांच्या मैदानावर होता, त्यामुळे तिथे जाणं भाग पडलं.

इब्राहिम नदाफ आवटींचे धंद्यातले वैरी आणि चहाचे सोबती. गेली कित्येक वर्षं दोघं रोज सकाळी एकाच टपरीवर चहा घेत आणि एकमेकांच्या विद्यार्थ्यांची टिंगल करत. त्यांनी पट्टा मोकळा करून दिला, खुर्ची टाकून दिली आणि स्वतः छत्रीखाली बसून तमाशा पाहू लागले.

विद्यार्थी आले. वकील आले, भाजीवाल्या आल्या, एक निवृत्त तहसीलदार आले. एकेकाने पट्ट्यावरून गाडी नेली आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या फलकावर ज्याचं त्याचं नाव उमटलं. आवटींचं नाव एकदाही उमटलं नाही. कुणी ब्रेकवर उभंच राहत होतं, कुणी खड्डा चुकवायच्या ऐवजी त्याची गाठ घेऊन येत होतं.

तिसऱ्या दिवशी आवटी खुर्चीत खचून बसले. चलानाचं दुःख आता मागे पडलं होतं.

"एवढी माणसं शिकवली, नदाफ. एकाचाही पाय माझ्यासारखा नाही?"

"बरंच आहे की. एकालाही तुमच्यासारखं पंचावन्ननं जाऊन सासऱ्याला ताटकळत ठेवायला नको."

"थट्टा नको. शाळा जाईल माझी."

नदाफांनी चहाचा घोट घेतला. कप बशीत ठेवला. मैदानाकडे बघत ते म्हणाले, "सगळ्यांना बोलावलंत सर. वहिनींना विचारलंत का?"

"वैजयंतीला? तिला काय विचारायचंय? तिला गाडी येत नाही."

नदाफांनी पुन्हा कप उचलला. कप रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

आवटी घरी आले तेव्हा वैजयंतीबाई भडंगाचा वाडगा घेऊन शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"तू गाडी चालवतेस?"

"हो," त्यांनी भडंगातला लसूण बाजूला काढत सांगितलं.

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"नदाफकडे शिकलीस?"

"शिकले कुठली! त्यांनी मैदानावर एक फेरी मारायला लावली आणि म्हणाले, वहिनी, तुम्हाला शिकवायला काही ठेवलेलंच नाही कुणी, मी फी कशाची घेऊ?"

आवटी खाली बसले. "आणि माझ्याकडे का नाही शिकलीस?"

"तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणालात, सुट्टीचा सीझन आहे. दुसऱ्यांदा म्हणालात, तुला जायचंय कुठे, मी आहे की. तिसऱ्यांदा तुम्ही ऐकलंच नाहीत. मॅच चालू होती."

"मग आता कुठे जातेस?"

"हातकणंगल्याला."

"काय आहे हातकणंगल्यात?"

"काही नाही. गुरुवारी तुम्ही टेस्टसाठी सांगलीला जाता. मी नदाफांची गाडी घेते, हातकणंगल्याला जाते, उसाचा रस पिते, परत येते. त्या गुरुवारी तुमची दाढ दुखली, त्याला मी काय करू?"

"पण एकशे अठरा, वैजू!"

"रस्ता मोकळा होता. पाय म्हणाला, बघूया."

"माझा पाय असं कधी म्हणाला नाही."

"तुम्ही विचारलंच नसेल त्याला."

आता इथे आवटींच्या गाडीबद्दल सांगायला हवं. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकासाठी डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात. आवटींचं समाधान तेवढ्यावर झालं नव्हतं. भर रस्त्यात विद्यार्थी घाबरून गोठला तर गाडी पुढे कोण काढणार? म्हणून त्यांनी कुपवाडच्या एका कारखान्यातून लोखंडी दांडे करून घेतले आणि उजवीकडची तिन्ही पेडलं डावीकडच्या तिन्हींना जोडून टाकली. इकडे दाबलं की तिकडे दाबलं जायचं, तिकडे सोडलं की इकडे सुटायचं. गाड्या बदलल्या तरी दांडे तेच राहिले. घरासाठी वेगळी गाडी आवटींनी कधी घेतलीच नाही. लग्नकार्य असो, बाजार असो, सासर-माहेर असो, सगळं शाळेच्याच गाडीतून. आणि वैजयंतीबाई बसायच्या कुठे? तर डावीकडे, शिक्षकाच्या जागेवर.

लग्नानंतर पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पाय कुठे ठेवू? इथे सगळी ही पेडलंच आहेत."

"ठेव त्यांच्यावरच," आवटी म्हणाले होते. "हलतील तसे हलू दे."

तेव्हापासून तीस वर्षं त्यांचे पाय हलत होते. पाटीवर अक्षर गिरवताना मास्तर मुलाचा हात धरतात, तसा आवटींच्या पायाने त्यांचा पाय धरला होता, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला. परवाना काढताना त्यांनी पट्ट्यावरून गाडी नेली तेव्हा यंत्राला तोच पाय, तेच आडनाव आणि तोच पत्ता दिसला. यंत्र बिचारं सरळमार्गी. त्याने मानलं की त्याच माणसाची दुबार नोंद आहे, आणि दोघांना एक करून टाकलं. लग्नात भटजींना जे जमलं नव्हतं, ते यंत्राने करून दाखवलं.

"मी येते कोर्टात," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि शब्दकोड्याकडे वळल्या.

तपासणी अंकलीच्या रस्त्यावर झाली. बाईंचा परवाना वादात असल्यामुळे दुहेरी पेडलांची गाडी हवी आणि शेजारी शिक्षक हवा, असा न्यायालयाचा हुकूम होता. म्हणून वैजयंतीबाई चालवायला, आवटी डावीकडे आणि मागे मांडीवर पडदा घेऊन शेडबाळे.

गाडी निघाली. आवटींचे पाय सवयीने पेडलांवर होते. पेडल खाली गेलं, पाय खाली गेला. वर आलं, वर आला. शिकवताना आवटींनी हजारदा मध्येच पेडलं दाबून विद्यार्थ्यांच्या चुका सावरल्या होत्या, पण सावरायला काहीच नाही आणि पेडलं आपली आपण त्यांच्या पायांना बरोबर घेऊन चालली आहेत, असं पहिल्यांदाच घडत होतं. पाय त्यांचेच, पण त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

"सर, पाय वर घ्या," मागून शेडबाळे म्हणाले. "नाहीतर निकाल तुमचाच यायचा."

आवटींनी पाय वर घेतले. मग खाली ठेवायला जागा शोधली. पेडलांच्या आजूबाजूला बोटभरही जागा नव्हती. त्यांनी पाय दाराकडे वळवून पाहिले, सीटखाली दुमडून पाहिले. शेवटी जेवायला बसावं तशी सीटवर मांडी घातली आणि अंकलीचा पूल ओलांडला.

शेडबाळेंच्या पडद्यावर नाव उमटलं: शशिकांत आवटी.

शेडबाळे रडवेले झाले. "मॅडम, हे बाहेर गेलं तर काय होईल?" ते कोर्टात म्हणाले. "उद्या राज्यातला प्रत्येक माणूस उठेल आणि म्हणेल, तो पाय बायकोचा होता!"

"म्हणू द्या. बायका उत्तर देतील," ढोबळेबाई म्हणाल्या आणि निकाल वाचू लागल्या. आवटींवरचं चलान रद्द. दंड वैजयंतीबाईंनी भरावा. आवटी हात जोडून वळणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. संपलेलं नाही."

कायद्यात एका पायाला एकच परवाना होता. दोन माणसांचा एक पाय असेल तर पुढचा गुन्हा कुणाचा धरायचा? तेव्हा आठवड्याभरात दोघांनी मिळून ठरवावं, पाय कुणाचा. तो ज्याचा नाही, त्याने परवाना जमा करावा. पुन्हा हवा असेल तर शिकाऊ म्हणून नव्याने सुरुवात करावी, आणि आपला पाय वेगळा झाल्याचं यंत्राला पटवून द्यावं. तोवर आवटींचा परवाना चालू, वैजयंतीबाईंचा स्थगित.

ठरवायचं काय त्यात? आवटींच्या मते ठरलेलंच होतं. पाय मुळात त्यांचा. शाळा त्यांची. शाळेवर घर चालतं. टपरीवर त्यांनी नदाफांना सांगितलंही, "तिला काय, हौस होती. फिटली."

"वहिनी म्हणाल्या तसं?"

"म्हणायचं काय त्यात?"

वैजयंतीबाई खरोखरच काही म्हणाल्या नव्हत्या. गुरुवार उजाडला, तेव्हा दुपारी त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. खालून एक ट्रक चढाला लागला. आवटी आतून पाहत होते. ट्रकवाल्याने गिअर बदलला, तसा बाईंचा उजवा पाय फरशीवर अलगद वर आला आणि पुन्हा खाली बसला.

आवटी बाहेर आले. "चल. मी नेतो तुला हातकणंगल्याला."

त्या उठल्या, चपला घातल्या, खाली जाऊन गाडीत डावीकडे बसल्या आणि सीटवर मांडी घातली.

"पाय खाली ठेव की," आवटी म्हणाले. "अवघडतील."

"नको. सवय मोडतेय."

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. आज भाजी काय आणू, असं विचारावं तसं बोलल्या होत्या. मग त्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या. आवटींनी अंकलीचा पूल पंचावन्ननेच ओलांडला. आपल्या पायाखालची पेडलं आज जरा हलकी लागताहेत, असं त्यांना वाटलं. पलीकडे कुणाचं वजन नव्हतं.

हातकणंगल्याला रसवाल्याने गाडी थांबताच हात केला. "या या काकू! गेल्या गुरुवारी आला नाहीसा? आणि आज ड्रायव्हर आणलासा काय?"

"हो ना," वैजयंतीबाई म्हणाल्या. "यांनाही एक ग्लास द्या."

ड्रायव्हरने रस घेतला. आलं जरा जास्त पडलं होतं. रसवाला बाईंना त्याच्या मुलीच्या बारावीबद्दल सांगत होता, बाई त्याला कुठल्यातरी कॉलेजचं नाव सुचवत होत्या. दोन वर्षांची ओळख दिसत होती. आवटी ग्लास धरून बाजूला उभे राहिले. मध्येच रसवाल्याने त्यांना बर्फ हवा का, एवढं विचारलं.

परतताना वैजयंतीबाईंनी पुन्हा सीटवर मांडी घातली.

तारखेला ढोबळेबाईंनी विचारलं, "काय ठरलं?"

"माझा परवाना घ्या," आवटी म्हणाले.

वैजयंतीबाईंनी मान वळवली. "अहो, काय बोलताय? शाळेचं काय?"

"तू चालव."

"मला शिकवायचं नाहीये. मला गाडी चालवायची आहे."

"मग नदाफ आहे की. जाऊ देत पोरं तिकडे." हे वाक्य म्हणताना आवटींना दाढेत ड्रिल चालू असतानापेक्षा जास्त त्रास झाला, पण म्हणून टाकलं.

"घर?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"गाडी विकू. दांडे भंगारात देऊ. बघू."

"कारण सांगायचंय?" ढोबळेबाईंनी विचारलं.

"नोंदवावं लागतं?"

"नाही."

"मग राहू द्या."

शेडबाळेंनी परवाना हातात घेतला. कोर्टात येताना त्यांनी बायकोला गाडी चालवायला दिली होती आणि वाटभर तिच्या पायांकडे संशयाने पाहिलं होतं, असं नंतर लघुलेखकाने सांगितलं.

पुढच्या महिन्यात नदाफांच्या मैदानावर एक नवे विद्यार्थी दाखल झाले. वय एकसष्ट, पाठीवर शिकाऊ असं लिहिलेलं पिवळं जाकीट. शिकाऊ गाडीला गिअर हवाच, हा जुना नियम बदलायचं सरकार विसरलं होतं, त्यामुळे गाडीही जुन्या वळणाची होती. आवटी गाडीत बसले, पट्ट्यावरून झुळकीसारखे गेले आणि फलकावर नाव उमटलं: वैजयंती आवटी.

पाय आता कायद्याने तिचा होता.

"वहिनी, आरसा बघितला का?" नदाफ छत्रीखालून ओरडले.

दुसऱ्या दिवशी वैजयंती आवटी. तिसऱ्या दिवशीही. नदाफांनी उपाय सुचवले. ब्रेक दोनदा दाबा. खड्डा दिसला तरी दिसला नाही असं समजा. क्लच सोडताना एखादं जुनं भांडण आठवा. आवटी सगळं करून बघत आणि प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी पाय आपला आपण सावरून घेई. एवढा चांगला पाय घालवणं काही सोपं नसतं. मैदानावरची कॉलेजची पोरं पहिल्या आठवड्यात पास होऊन जात होती आणि जाताना आवटींना म्हणत होती, "सोडू नका काका, येईल, येईल."

मग एका सकाळी नदाफांना सांगलीला काम निघालं. शिकाऊच्या शेजारी परवानाधारक हवा, हा नियम होता. "वहिनींना पाठवा," त्यांनी फोनवर सांगितलं.

वैजयंतीबाई आल्या. डावीकडे बसल्या. मैदानाबाहेर कधी न जाणाऱ्या या जुन्या गाडीत डावीकडे एकही पेडल नव्हतं. त्यांनी पाय पसरले, पर्स मांडीवर ठेवली आणि सीटबेल्ट लावला.

"चला," त्या म्हणाल्या.

आवटींनी चावी फिरवली. आरसा नीट केला. पुन्हा नीट केला. शेजारी बायको बसलेली होती, तीस वर्षं बसत होती तशीच. पण तिची नजर आज बाहेर नव्हती, त्यांच्या पायांवर होती. आवटींच्या तळहातांना घाम सुटला. असा घाम ते रोज दुसऱ्यांच्या तळहातांवर बघत आले होते आणि त्यावर हसत आले होते.

"उजवीकडून सायकल येतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"दिसतेय मला!"

त्यांना दिसली नव्हती. त्यांनी दचकून ब्रेक मारला, क्लच विसरले, गाडीने एक गचका दिला, दुसरा दिला आणि पट्ट्याच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न वाजला.

मैदानाच्या टोकाला फलक क्षणभर कोरा राहिला. मग त्यावर अक्षरं उमटली: अनोळखी चालक.

आवटी काचेतून ती अक्षरं वाचत राहिले. मागचा हॉर्न आता थांबायला तयार नव्हता.

"घाबरू नका," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पुन्हा सुरू करा. सावकाश."

"घाबरतंय कोण?" आवटी म्हणाले, चावी फिरवली, आणि गाडी पुन्हा बंद पडली.